टाऊंगचे बालक : मनुष्याच्या पूर्वजांविषयी एक पाठ



आमच्या एका उपदेशक बंधूने पत्राने आपली अडचण कळविली आहे. त्याच्या मंडळीतील एक मुलगी तालुक्याच्या शाळेत शिकते. तिने घरी येऊन सांगितले की, मनुष्य व वानर ह्यांचा पूर्वज एकच होता असे आम्हांस शिकविले. ते ऐकून तिचे आजोबा संतापले व पुस्तक मिटून ठेव म्हणाले. दुसऱ्या दिवशी पारावर हीच गोष्ट निघाली, तेव्हा कोणी हसून विचारले, "काय हो, तुमचा पणजा कोणत्या झाडावर राहत होता?" उपदेशक बंधू लिहितो, "मुलीस काय सांगावे, आजोबांस काय सांगावे व हसणाऱ्यास काय सांगावे, ह्यांपैकी मला एकही उत्तर सुचले नाही. मी उगाच राहिलो."

जे ठाऊक नाही त्याविषयी त्याने तोंड उघडले नाही हे बरेच केले. परंतु उगाच राहून मुलीचा प्रश्न सुटत नाही. तो प्रश्न खरा आहे व ती तो उद्या पुन्हा विचारील. यास्तव ह्या पाठात आम्ही एका लहानशा कवटीची हकीगत सांगणार आहोत. ती नीट समजली म्हणजे मनुष्याच्या पूर्वजांविषयी शास्त्रज्ञ काय म्हणतात, ते कशावरून म्हणतात, आणि ते चुकतात तेव्हा ती चूक कशी उघडकीस येते, ह्या तिन्ही गोष्टी एकदम ध्यानात येतील.

१. प्रथम शब्द समजून घ्यावे

आपण माकड व वानर हे शब्द वाटेल तसे वापरतो. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि तांबड्या तोंडाचे ते माकड, इतका भेद खेड्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असतो. ह्या दोहोंवाचून आणखी एक वर्ग आहे. त्यातील प्राण्यांस शेपूट मुळीच नसते. आफ्रिकेतील चिंपांझी व गोरिला, सुमात्रा व बोर्निओ ह्या बेटांवरील ओरांगउटान, आणि आपल्या देशात आसामच्या रानात राहणारा हुलॉक हे त्या वर्गातले होत. त्यांस आम्ही ह्या पाठात ‘कपी’ असे म्हणू.

आता शास्त्रज्ञांचे म्हणणे येणेप्रमाणे आहे. आज जिवंत असलेल्या कोणत्याही माकडापासून किंवा चिंपांझीपासून मनुष्य झाला, असे ते म्हणत नाहीत. मनुष्य व चिंपांझी हे भाऊबंद आहेत, असे ते म्हणतात. आपण आपल्या चुलतभावापासून जन्मलो असे कोणी म्हणत नाही; उभयतांचा आजा एक, इतकेच म्हणतो. त्याचप्रमाणे सुमारे ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वी आफ्रिकेत कपींची एक जात होती. तिच्या एका शाखेपासून कालांतराने चिंपांझी झाला व दुसऱ्या शाखेपासून मनुष्य झाला, असा बहुतेकांचा अंदाज आहे. ती मूळ जात आज पृथ्वीवर नाही.

हा फरक कसा पडत गेला, हे समजण्यास शेतकऱ्यास फार लांब जावयास नको. तो दरसाल उत्तम कणसे निवडून त्यांचेच बी राखतो, आणि काही पिढ्यांनी त्याचे पीक शेजाऱ्याच्या पिकाहून वेगळे दिसू लागते. रानात निवड करणारा शेतकरी नसतो. तेथे दुष्काळ, थंडी, रोग व श्वापदे ही निवड करितात. ज्यांच्या अंगी तगण्याजोगे काही अधिक असते, त्यांची संतती अधिक उरते. अशा निवडीस लक्षावधी वर्षे मिळाली म्हणजे लहान फरकांचे मोठे फरक होतात. चार्ल्स डार्विन ह्यांनी हा विचार १८५९ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे मांडला. पुढे १८७१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असेही म्हटले की, मनुष्याला सर्वांत जवळचे कपी आफ्रिकेत आहेत, त्या अर्थी मनुष्याचे पूर्वजही तेथेच राहत असण्याचा संभव अधिक आहे. त्या वेळी ह्या अनुमानास पुरावा म्हणून आफ्रिकेतील एक हाडही कोणापाशी नव्हते.

२. चुन्याच्या खाणीतील कवटी

दक्षिण आफ्रिकेत टाऊंग नावाचे एक गाव आहे. तेथील त्स्वाना भाषेत ‘ताऊ’ म्हणजे सिंह. त्यावरून गावास हे नाव पडले. गावाजवळ चुनखडीची खाण होती. सुरुंग लावून खडक फोडावयाचा व दगड भाजून चुना करावयाचा, हे तेथील काम. फार प्राचीन काळी ह्या खडकात गुहा व कपारी होत्या. त्यांत प्राण्यांची हाडे पडत, वरून चुनमिश्रित पाणी झिरपे, आणि हळूहळू सर्व मिळून एकच दगड बनून जाई. अशा रीतीने दगडासारख्या झालेल्या हाडास अश्मीभूत हाड असे म्हणतात.

१९२४ साली जोहान्सबर्ग येथील विटवॉटर्सरँड विद्यापीठात रेमंड डार्ट नावाचे एक तरुण प्राध्यापक शारीरशास्त्र शिकवीत असत. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांची विद्यार्थिनी जोसेफिन सॅमन्स हिने त्या खाणीतून आलेली एक अश्मीभूत माकडाची कवटी त्यांस आणून दाखविली. त्यावरून डार्ट ह्यांनी, तेथे आणखी काही सापडल्यास पाठवावे, अशी विनंती केली. थोड्याच दिवसांत दगडांनी भरलेल्या दोन पेट्या त्यांच्या घरी आल्या. डार्ट ह्यांनीच पुढे सांगितले आहे की, त्या दिवशी एका मित्राचा विवाह त्यांच्याच घरी व्हावयाचा होता, आणि ते स्वतः वराचे सोबती होते. तरी त्यांना धीर धरवेना. अर्धवट पोशाख केलेल्या स्थितीतच त्यांनी पेट्या उघडल्या.

एका पेटीत त्यांस मेंदूचा दगडी साचा मिळाला. कवटीच्या पोकळीत वाळू व चुना भरून तो कठीण झाला म्हणजे मेंदूचा आकार, त्यावरील वळ्यांच्या व शिरांच्या खुणांसुद्धा, त्यावर उमटून राहतो. हा साचा ज्या दगडात नेमका बसे तो दगडही पेटीत होता, व त्याच्या आत चेहरा दडलेला होता. तो बाहेर काढण्यास डार्ट ह्यांजपाशी योग्य हत्यारे नव्हती. त्यांनी लहान हातोडी व छिन्नी घेतली, आणि पत्नीच्या विणकामाच्या सुया घासून तीक्ष्ण केल्या. दोन महिन्यांहून अधिक काळ ते कणाकणाने दगड टोकरीत होते. अखेर नाताळच्या तोंडावर दगड सुटून आला व आतून एका लहान मुलाचा चेहरा दिसू लागला.

३. कवटीने काय सांगितले

वाचकांपैकी कोणास शेतात कुत्र्याची किंवा शेळीची जुनी कवटी सापडली, तर त्याने ती उलटून पाहावी. मेंदूतून निघालेली मज्जेची दोरी पाठीच्या कण्यात जाते. ती जेथून जाते ते मोठे छिद्र कवटीत दिसेल. त्यास महारंध्र म्हणतात. चार पायांवर चालणाऱ्या जनावराचे डोके मानेच्या पुढे लोंबत असते, म्हणून त्याचे महारंध्र कवटीच्या मागील अंगास असते. मनुष्याचे डोके मानेवर उभे तोललेले असते, जशी पाणी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावर घागर. म्हणून त्याचे महारंध्र कवटीच्या तळाशी, बरेच पुढे असते. ह्यास्तव केवळ कवटी पाहूनही हा प्राणी ताठ चालत होता की नाही, ह्याविषयी पुष्कळ अनुमान करिता येते.

टाऊंगच्या कवटीत हे छिद्र कपींच्या मानाने पुढे होते. तिचे सुळे लहान होते, कपींप्रमाणे मोठे व पुढे आलेले नव्हते. परंतु मेंदू लहानच होता. तो सुमारे ४०० घनसेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या लिटरहूनही कमी भरला. प्रौढ मनुष्याचा मेंदू सरासरीने सुमारे १३५० घनसेंटिमीटर असतो. तात्पर्य, ह्या प्राण्याचे डोके मनुष्यासारखे तोललेले, दात बरेचसे मनुष्यासारखे, आणि मेंदू मात्र कपीएवढा, अशी ही जोड होती.

दुधाचे सर्व दात आलेले होते व पहिली कायमची दाढ नुकतीच वर येत होती. आपल्या मुलांस ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. म्हणून हे मूल सहा वर्षांचे असावे, असे डार्ट ह्यांना वाटले. पुढे दातांच्या वाढीचा सूक्ष्म अभ्यास झाला. दातावरील कठीण आवरणात वाढीच्या बारीक रेषा पडत जातात, व त्यांवरून झाडाच्या वलयांप्रमाणे वय काढिता येते. त्यावरून असे दिसले की, ह्या प्राण्यांची वाढ आपल्याहून लवकर होत असे, व हे मूल केवळ ३ ते ४ वर्षांचे होते. ते सुमारे २५ ते ३० लक्ष वर्षांपूर्वी जगले.

७ फेब्रुवारी १९२५ रोजी ‘नेचर’ ह्या इंग्रजी साप्ताहिकात डार्ट ह्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला. ह्या प्राण्यास त्यांनी ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस, म्हणजे आफ्रिकेतील दक्षिणेकडचा कपी, असे नाव दिले. आणि तो कपी व मनुष्य ह्यांच्या मधल्या वाटेवरचा आहे, असे लिहिले. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते.

४. साक्ष नाकारली गेली

इंग्लंडातील मोठमोठ्या पंडितांनी हे म्हणणे मानले नाही. सर आर्थर कीथ हे त्यांत प्रमुख होते. ही कवटी चिंपांझी व गोरिला ह्यांच्याच कुळातील आहे, असा त्यांनी निर्णय दिला.

त्यांचे काही आक्षेप रास्त होते, हे आम्ही सांगितले पाहिजे. कपींचे पिल्लू प्रौढ कपीपेक्षा मनुष्यासारखे अधिक दिसते. तेव्हा एका पिल्लावरून सर्व जातीची परीक्षा कशी करावी? कवटी एकच, तीही सुरुंगाने उडालेल्या दगडातील. ती किती जुनी हे त्या काळी निश्चित सांगता येत नव्हते. अशा स्थितीत सावधपणा बाळगणे हा दोष नव्हे.

परंतु नकाराचे दुसरेही एक कारण होते, व ते इतके रास्त नव्हते. मनुष्यास मनुष्यपण आले ते प्रथम बुद्धीने. मेंदू आधी मोठा झाला व बाकीचे शरीर मागाहून बदलले, अशी त्या पंडितांची ठाम समजूत होती. टाऊंगचे बालक ह्याच्या अगदी उलट साक्ष देत होते. शिवाय मनुष्याचा उगम आशियात किंवा युरोपात असावा असे बहुतेकांस वाटत होते; आफ्रिकेकडे पाहण्याची कोणाची इच्छा नव्हती. ह्या समजुतीस बळकटी आणणारी एक कवटी लंडनच्या संग्रहालयात आधीच ठेवलेली होती. तिचीही हकीगत आता सांगितली पाहिजे.

५. खोटी साक्ष

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात पिल्टडाऊन नावाचे गाव आहे. चार्ल्स डॉसन हे त्या भागातील वकील. त्यांस जुन्या वस्तू शोधण्याचा नाद होता. तेथील खडीच्या खड्ड्यात आपणांस एका अतिप्राचीन मनुष्याची हाडे सापडली, असे त्यांनी सांगितले. डिसेंबर १९१२ मध्ये त्यांनी व ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड ह्यांनी ती लंडनच्या विद्वत्सभेपुढे ठेविली. कवटी मोठी, मनुष्यासारखी. जबडा मात्र कपीसारखा. मेंदू आधी मोठा झाला म्हणणाऱ्यांस जे पाहिजे होते तेच नेमके हाती आले, आणि तेही इंग्लंडच्याच भूमीत! काहींनी संशय काढिला की, हा जबडा ह्या कवटीचा नव्हेच. तथापि मोठ्यांनी मान डोलाविल्यावर संशय घेणाऱ्यांचा आवाज फार लांब गेला नाही.

ही हाडे ४० वर्षे खरी मानली गेली. मग तपासणीची नवी रीत निघाली. जमिनीतील पाण्यात फ्लुओरीन नावाचे द्रव्य थोडे थोडे असते. मडक्यात मीठ ठेविले म्हणजे ते जसे भिंतीत मुरते, तसे हे द्रव्य पुरलेल्या हाडात मुरत जाते. हाड जितके अधिक काळ पुरलेले, तितके ते अधिक. केनेथ ओकली ह्यांनी १९४९ मध्ये पिल्टडाऊनची हाडे तपासून पाहिली, तेव्हा ती सांगितली जात होती तितकी प्राचीन नाहीत असे निघाले. पुढे १९५३ मध्ये ओकली, जोसेफ वायनर व विल्फ्रिड ल ग्रो क्लार्क ह्या तिघांनी सर्व लबाडी उघडी केली. जबडा ओरांगउटानाचा होता. दात मनुष्याच्या दातांसारखे झिजलेले दिसावेत म्हणून कानशीने घासलेले होते, आणि कानशीच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत होत्या. हाडे जुनी दिसावीत म्हणून त्यांस रंग दिला होता. डॉसन १९१६ मध्येच वारले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीवरून हे कृत्य बहुधा त्यांनी एकट्यानेच केले असावे असे दिसते.

६. सत्य कसे बाहेर आले

इकडे डार्ट ह्यांच्या वाट्यास उपेक्षा आली. १९३१ मध्ये ते कवटी घेऊन लंडनास गेले, परंतु त्या वेळी चीनमध्ये सापडलेल्या पेकिंगच्या मनुष्याची चर्चा सर्वत्र चालली होती; ह्या बालकाकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्याच मुक्कामात कवटीची पेटी एकदा भाड्याच्या मोटारीत विसरून राहिली, व मोटारवाल्याने ती पोलिसांकडे पोहोचविल्यामुळे परत मिळाली, असे सांगतात.

डार्ट ह्यांच्या बाजूस प्रथमपासून उभे राहिलेले गृहस्थ म्हणजे डॉ. रॉबर्ट ब्रूम. ते स्कॉटलंडचे, धंद्याने वैद्य, व अश्मीभूत प्राण्यांचे मोठे अभ्यासक होते. कवटी एकच व तीही पिल्लाची, हा आक्षेप दूर करावयाचा तर प्रौढाची कवटी शोधली पाहिजे, हे त्यांनी ओळखिले. १९३६ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असता, त्यांस जोहान्सबर्गजवळ स्टर्कफॉन्टेन येथील खाणीत ती मिळाली. १९३८ मध्ये क्रोमड्राय येथे एका शाळकरी मुलाच्या खिशात दगड झालेले दात सापडले, व त्यांवरून ह्याच कुळातील दुसऱ्या एका जातीचा पत्ता लागला. १९४७ मध्ये ब्रूम व त्यांचे सहकारी जॉन रॉबिन्सन ह्यांना स्टर्कफॉन्टेन येथे एक जवळजवळ अखंड प्रौढ कवटी मिळाली, आणि त्याच वर्षी कमरेचे हाडही मिळाले. कमरेचे हाड पाहून ताठ चालणारा कोण व चार पायांवर चालणारा कोण, हे ओळखणे फार कठीण नसते. हे हाड ताठ चालणाऱ्याचे होते.

त्याच वर्षी सर आर्थर कीथ ह्यांनी, वयाच्या ऐंशीनंतर, ‘नेचर’ साप्ताहिकात पत्र प्रसिद्ध करून कबूल केले की, डार्ट ह्यांचे बरोबर होते व आपले चुकले होते. बावीस वर्षांपूर्वी ज्या पत्रात वाद सुरू झाला, त्याच पत्रात त्यांनी आपली चूक मान्य केली. ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पांडित्याइतकीच मोठी वाटते.

परंतु डार्ट ह्यांचेही सर्वच खरे ठरले असे नाही. हे प्राणी क्रूर शिकारी होते व हाडांचीच शस्त्रे करून एकमेकांस मारीत, असे ते पुढे सांगू लागले. सी. के. ब्रेन प्रभृतींनी अशी हाडे वर्षानुवर्षे तपासली, तेव्हा ती बिबटे, तरस इत्यादी श्वापदांनी गोळा केलेली असतात असे दिसून आले. आपले पूर्वज शिकारी असण्यापेक्षा पुष्कळदा शिकारच होत असत. टाऊंगच्या बालकाविषयीही तसेच. आफ्रिकेतील मोठा गरुड आजही माकडे उचलून नेतो, जशी आपल्याकडे घार कोंबडीची पिल्ले नेते. त्या माकडांच्या डोळ्यांच्या खोबणीत नखाचोचींच्या ज्या खुणा राहतात, तशाच खुणा ह्या बालकाच्या कवटीत आहेत, असे ली बर्गर ह्यांनी २००६ मध्ये दाखविले. तीन-चार वर्षांचे ते लेकरू बहुधा गरुडाने नेले.

आपल्या देशाशी संबंध असलेलेही एक उदाहरण आहे. १९३२ मध्ये शिवालिकच्या टेकड्यांत, आज हिमाचल प्रदेशात असलेल्या हरितल्यांगर येथे, एका प्राचीन कपीच्या जबड्याचा तुकडा सापडला. त्यास रामापिथेकस असे नाव दिले गेले, व १९६० नंतर कित्येक वर्षे त्याची गणना मनुष्याच्या पूर्वजांत होत असे. पुढे पाकिस्तानातील पोटवारच्या पठारावर ह्याच कुळातील एका कपीचा बराचसा पुरा चेहरा मिळाला. तो पाहताच हे कुळ ओरांगउटानाच्या जवळचे आहे हे कळून आले, आणि मनुष्याच्या पूर्वजांच्या यादीतून ते नाव काढून टाकावे लागले. तुकड्यावरून केलेला निर्णय पुऱ्या चेहऱ्याने बदलला. येथे लबाडी कोणी केली नव्हती. पुरावा थोडा होता, इतकेच.

७. आज काय ठाऊक आहे

टाऊंगच्या बालकाने दिलेली साक्ष पुढे अनेक ठिकाणच्या पुराव्याने दृढ झाली. १९७४ मध्ये इथिओपियातील हदार येथे सुमारे ३२ लक्ष वर्षांपूर्वीच्या एका मादीचा सांगाडा मिळाला. शास्त्रज्ञ तिला लूसी म्हणतात. तिची उंची साडेतीन फुटांच्या आसपास, मेंदू कपीसारखा लहान, परंतु कंबर व गुडघे ताठ चालणाऱ्याचे. १९७८ मध्ये टांझानियातील लेटोली येथे मेरी लीकी ह्यांच्या मंडळीस पावलांचे ठसेच मिळाले. ज्वालामुखीची राख पडली होती, तीवर पाऊस झाला होता, आणि त्या ओल्या राखेतून कोणी दोन पायांवर चालत गेले होते. ते ठसे सुमारे ३६ लक्ष वर्षे तसेच राहिले. ह्यावरून, ताठ चालणे आधी आले व मोठा मेंदू पुष्कळ मागाहून आला, हे आता वादातीत झाले आहे. टाऊंगचे बालक ज्या जातीचे, ती आपली थेट पूर्वज की पूर्वजाची भाऊबंद, ह्याविषयी मात्र अजून मतभेद आहेत.

दुसरा पुरावा हाडांचा नसून जिवंत शरीरातला आहे. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत डीएनए नावाचे द्रव्य असते. त्यात आईबापांकडून आलेला वारसा जणू अक्षरांनी लिहिलेला असतो. ज्यांचे नाते जवळचे त्यांची अक्षरे अधिक जुळतात. ह्या कसोटीने पाहता मनुष्याला सर्व प्राण्यांत जवळचा चिंपांझी व त्याचाच सख्खा भाऊबंद बोनोबो हे ठरतात. ज्यांनी हाडे कधी हाती धरली नाहीत त्यांनी काढलेला हा निष्कर्ष हाडांच्या पुराव्याशी जुळतो. दोन साक्षीदार एकमेकांस न भेटता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिचे वजन अधिक.

आपल्या स्वतःच्या जातीची, म्हणजे पूर्ण मनुष्याची, सर्वांत जुनी हाडे मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे मिळाली असून ती सुमारे ३ लक्ष वर्षांची आहेत. आफ्रिकेबाहेर आज जे लोक राहतात, त्यांचे बहुतेक पूर्वज ५० ते ७० हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास आफ्रिकेतून निघालेल्या लोकांपैकी होते. कोणतीही दोन माणसे घेतली, तर त्यांच्या वारशाच्या हजार अक्षरांत सुमारे एकाच अक्षराचा फरक पडतो.

८. ह्यापासून बोध

आता उपदेशक बंधूच्या तिन्ही प्रश्नांकडे वळू.

मुलीस सांगावे की, बाळ, पुस्तक उघड व नीट शीक. ‘वानरापासून मनुष्य’ आणि ‘दोघांचा पूर्वज एक’ ह्यांतील भेद समजून घे, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे कशावरून?’ असे विचार.

आजोबांस मानाने सांगावे की, हा पाठ हाडे, दात व पावले ह्यांविषयी आहे. मनुष्याचा आत्मा, त्याचे कर्तव्य व त्याचा देवाशी संबंध ह्यांविषयी कवटी काही बोलत नाही, व शास्त्रज्ञाने तिच्या नावाने काही बोलावे हेही योग्य नव्हे. उत्पत्तीचे पुस्तक कसे वाचावे ह्याविषयी मंडळ्यांमंडळ्यांत मतभेद आहेत. ते ह्या पाठात मिटावयाचे नाहीत. परंतु एक गोष्ट आम्ही आमच्याच लोकांस स्पष्ट सांगतो. पिल्टडाऊनची लबाडी पुढे करून ‘हे सर्व शास्त्रच खोटे’ असे म्हणणारे वक्ते आढळतात. हे म्हणणे प्रामाणिक नव्हे. ती लबाडी उघडी केली ती शास्त्रज्ञांनीच, आणि खरी कवटी त्याच वेळी दुसऱ्या पेटीत होती. अर्धी हकीगत सांगून वाद जिंकणारा खोट्या साक्षीस हातभार लावतो. मग त्याचा पक्ष कोणताही असो.

आणि पारावर हसणाऱ्यास रागावू नये. त्यास सांगावे की, दादा, तो पणजा माझा एकट्याचा नव्हे, तो तुमचाही होता. ह्या गावात कोणाचे कूळ मोठे व कोणाचे लहान, कोणी विहिरीच्या कोणत्या बाजूस उभे राहावे, ह्यावरून पिढ्यान्‌पिढ्या किती जणांचा अपमान झाला, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक आहे. जन्माने कोणी उंच व कोणी नीच ठरतो, ह्यास ना त्या हाडांत आधार सापडतो, ना आपल्या रक्तात. सर्वांची वंशावळ मागे नेली म्हणजे ती आफ्रिकेतील त्याच भूमीत जाऊन पोहोचते. मोठ्या पंडितांनी जिच्याकडे पाहण्याचे नाकारिले, त्याच भूमीतील एका लेकराच्या कवटीने हे सांगण्यास आरंभ केला.

अभ्यासासाठी प्रश्न

(उपदेशकांनी हे प्रश्न रात्रीच्या वर्गात किंवा तरुणांच्या सभेत विचारावे.)

१. ‘मनुष्य चिंपांझीपासून झाला’ व ‘मनुष्य आणि चिंपांझी ह्यांचा पूर्वज एक’ ह्या दोन वाक्यांत काय भेद आहे? आपल्या घराण्यातील नात्यांचे उदाहरण देऊन सांगा.

२. महारंध्र म्हणजे काय? एखाद्या जनावराची कवटी मिळाल्यास ती आणून वर्गात दाखवा.

३. टाऊंगच्या कवटीविषयीचे कोणते आक्षेप रास्त होते व कोणते नव्हते?

४. पिल्टडाऊनची हाडे ४० वर्षे खरी का मानली गेली? आपणांस आवडणारी गोष्ट आपण न तपासता खरी मानली, असे आपल्या गावात कधी घडले आहे काय?

५. सर आर्थर कीथ ह्यांनी आपली चूक जाहीर कबूल केली. चूक कबूल करणे कठीण का जाते?

६. सर्व मनुष्यांची वंशावळ एक आहे हे जो मानतो, त्याने उद्या सकाळी आपल्या शेजाऱ्याशी कसे वागावे?